खणातली साखरेची पुडी



नववीत प्रार्थनेच्या रांगेत मी मटकन खाली बसले आणि बाईंनी माझ्या तोंडात साखर घातली. मला टाइप १ मधुमेह आहे हे त्या दिवशी वर्गाला कळलं. तुम्हाला माझी इन्सुलिनची सुई भयंकर वाटायची. मी घाबरायचे ते साखर अचानक उतरण्याला.

म्हणून कॅनडातल्या एडमंटनची बातमी मी तेव्हापासून धरून आहे. २००० साली डॉ. जेम्स शॅपिरो यांच्या गटाने दात्यांच्या स्वादुपिंडातल्या आयलेट पेशी सात रुग्णांच्या यकृतात सोडल्या. सातही जणांचं इन्सुलिन सुटलं! पुढे रुग्ण वाढले आणि २००५ मध्ये हिशेब आला: पाच वर्षांनी इन्सुलिनविना राहिलेले जेमतेम दहा टक्के.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला प्रोजेक्ट फेल म्हणू. पण बऱ्याच जणांच्या शरीरात त्या पेशी थोडं इन्सुलिन बनवत होत्याच. सुई परत आली, तरी डोस कमी होता आणि साखर धाडकन उतरत नव्हती. भीती ओसरली होती. त्यांचं समाधान मला आतून कळतं.

मी हे करून घेईन का? आज नाही. पेशी टिकवायला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यायची, तोंडात फोड, मूत्रपिंडावर ताण. माझ्या दंडावर सेन्सर आहे. रात्री तो वाजतो, आधी नवरा उठतो, मग मी. नववीत कुणी विचारलं असतं, तर मात्र लगेच हो म्हटलं असतं.

बाई, दहावी संपेपर्यंत तुमच्या टेबलाच्या खणात साखरेची पुडी असायची. मला ठाऊक होतं.