वळिवड्याचा वारसा

गडबच्या बंधुभगिनींनो, परमुलखात लेकरे घेऊन निघालेल्या मातेला अनोळखी माणसांचा केवढा आधार असतो, हे कोल्हापूरजवळच्या वळिवड्याने पाहिले आहे. सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेल्या सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांना १९४३ ते १९४८ या काळात तेथे आश्रय मिळाला. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. भाषा, धर्म, आहार सारेच निराळे. तरी स्थानिकांनी त्यांना सामावून घेतले. त्या ऋणाचे स्मारक आज वॉर्सात उभे आहे. २०२२ मध्ये युक्रेनमधून निघालेल्या भारतीय विद्यार्थ्यांनाही पोलंडने आपल्या भूमीत प्रवेश दिला.

अतिथीला देव मानणारी संस्कृती आचरणातूनच टिकते. मुंबई-गोवा महामार्ग आपल्या गावावरूनच जातो. भर उन्हात लेकरासह खोळंबलेल्या वाटसरूला, तो कुठला हे न विचारता, आधी पाणी द्यावे.