ओनामा ते वाचन
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषणाचा गोषवारा)



मी कापडाचा व्यापारी, वाणिज्य शाखेचा पदवीधर, शिक्षणतज्ज्ञ नव्हे. तरीही बालवाचनाविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे. भगवान ऋषभदेवांनी कन्या ब्राह्मीस लिपी व सुंदरीस अंकविद्या शिकविली, असे आपली परंपरा सांगते. अक्षरदान हा आपला आद्य वारसा होय. पूर्वी धुळाक्षरांचा आरंभ ‘ॐ नमः सिद्धम्’ने होई, ‘ओनामा’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला.

आमच्या बालपणी पाटीवर मुळाक्षरे गिरवायची व बाराखडी घोकायची, हीच रीत होती. पुढे ‘ग, म, भ, न’ अशी वळणास सोपी अक्षरे आधी आली. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात मुलांच्या अनुभवविश्वातून शिक्षण फुलविले. आता मोजकी अक्षरे व काना-वेलांटी शिकवून लगेच ओळखीचे शब्द वाचावयास देतात. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीपर्यंत समजून वाचता येणे हे ध्येय ठेवले आहे.

या बदलाचे मर्म मला दुकानात उमगले. सातवी उत्तीर्ण झालेला एक मुलगा कामास होता. बाराखडी तोंडपाठ, परंतु गिऱ्हाइकाची चिठ्ठी वाचता येईना. मी त्याला आळशी ठरवून चारचौघांत बोललो. त्याची मान खाली गेली, ती आजही आठवते. दोष त्याचा नव्हता. अक्षरांचा शब्दाशी आणि शब्दाचा अर्थाशी सांधा कुणी जुळवूनच दिला नव्हता. मग रोज दुकान वाढवल्यावर ‘खण’, ‘मलमल’, ‘साडी’ हे त्याच्या हाताखालचे शब्द घेऊन बसलो. काही महिन्यांनी त्याने एक चिठ्ठी न अडखळता वाचली, तेव्हा वर्षभराच्या नफ्याहून अधिक समाधान लाभले.

पाठांतराचे मोल मी नाकारीत नाही. सूत्रे मुखोद्गत हवीतच. पण ती डोळ्यांनी वाचून मनाने उमजली, तरच स्वाध्याय घडतो. पाठशाळेत दर रविवारी अर्धा तास सोप्या गोष्टींच्या वाचनासाठी राखावा, आपल्या दुकानांत काम करणाऱ्यांच्या मुलांनाही त्यात बोलवावे, ही नम्र विनंती. पुस्तकांचा खर्च मी आनंदाने उचलीन. ज्ञानदानाहून मोठी प्रभावना कोणती?

जय जिनेंद्र!