नृत्य आणि विद्याभ्यास



आमच्या माणगांवाकडे गणेशोत्सवांत बाल्यानाचाचा फेर रंगला कीं मला माझी एक चूक आठवते. शिक्षक असतांना नाचाच्या छंदापायीं अभ्यासांत मागें पडलेल्या एका विद्यार्थिनीस मीं बजावलें, "नाच सोड, नाहींतर शाळा सोड." तिनें शाळा सोडली.

वास्तविक हे दोन मार्ग परस्परविरोधी नाहींत. रोहिणी भाटे यांनीं पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांतून पदवी घेतली, आणि १९४७ सालीं 'नृत्यभारती' ही संस्था स्थापिली. लच्छू महाराजांपाशीं त्यांनीं कथकाची दीर्घ तालीम घेतली. शिवाय 'अभिनयदर्पण' ह्या संस्कृत ग्रंथाचें मराठींत विवेचनही केलें. विद्येनें त्यांचे पाय जड केले नाहींत.

आतां गणित पाहा. त्रितालाच्या मात्रा १६. समेवर आरंभ करून ५ मात्रांचा बोल तीनदां घ्यावा, व मध्यें एकेक मात्रा सोडावी. एकूण झाल्या १७. ती सतरावी मात्रा म्हणजेच पुढील सम. हीच तिहाई. जी मुलगी हें पायांनीं जाणते, तिला बेरीज कां अवघड जावी? मात्र तें तिला कोणीं तरी दाखवावयास हवें. मीं दाखविलें नाहीं.

नृत्य शिकणाऱ्या मुलामुलींनीं तालमीपूर्वीं, मन ताजें असतांना, तासभर वाचावें. थकल्या देहानें पाठांतर साधत नाहीं. बोल रोज थोडे थोडे घोटतात, तसाच धडाही घोटावा. उद्यां पाय दुखावला तरी विद्या हातीं राहते.

पालकहो, शिक्षकबंधूंनो, मुलांपुढें निवड ठेवूं नका, वेळापत्रक ठेवा.