व्हडल्या घराचे मालक
(वाशिम येथील युवक शिबिरातील भाषण)



गोव्याच्या इन्क्विझिशनचं आपल्याले काय, असं कोणी म्हणंल. आपल्याले ते न्यायाधीश पाहायचे आहेत.

1560 साली हे धर्मन्यायालय आदिलशहाच्या जुन्या वाड्यात बसलं. लोक त्याला व्हडलें घर म्हणत. पहिले न्यायाधीश दोन, फाल्कांव आणि मार्किश. दोघंही शिकलेले. त्यांच्यावर लिस्बनला कार्डिनल हेन्रिक, पोर्तुगालच्या राजघराण्यातला. 1578 साली तोच राजा झाला! पोथी न् तख्त एकाच बुडाखाली.

आरोपीला गुन्हा सांगायचा नाही, चुगली कोणी केली तेही सांगायचं नाही. तूच आठव, तूच कबूल कर. देलॉं नावाचा फ्रेंच वैद्य 1677 साली यातून सुटला आणि 1687 साली त्यानं सगळं छापलं, म्हणून जगाला कळलं. 1736 च्या हुकुमानं तर बाटलेल्यांच्या घरातली तुळस, अंगावरचं धोतर, बिनमिठाचा भात, सगळ्यांवर बंदी. चुलीपर्यंत शिरले साले. गार्सिया द ओर्ता मेला 1568 ला. 1580 ला त्याची हाडं उकरून जाळली.

आता खरी गंमत. जाळा, असं हे न्यायाधीश कधीच लिहीत नसत. आरोपीला सरकारच्या हवाली करत, वर दया करा अशी विनंतीही जोडत. सरकारनं दया केली तर त्याचीच चौकशी लागायची. काडी दुसऱ्यानं लावायची, यांचा झगा पांढराच. आपल्याकडची जातपंचायत तरी कुठं मारते? पाणी बंद, किराणा बंद, लग्नाला कोणी नाही. पंच मोकळे. बहिष्काराविरुद्ध कायदा व्हायला 2016 उजाडलं.

आज हा इतिहास उगाळून ख्रिस्ती माणसावर दात खाणारे आहेत. त्यांना विचारा, गोव्यात बाटल्यावरही बामण, चारडो, सुदिर राहिलेच ना? त्या कोर्टानं तुळस उपटली, जात उपटली नाही. न्यायाधीशाला तिची अडचण नव्हती.

1774 ला ते बंद झालं, 1778 ला परत उघडलं, 1812 ला कायमचं मिटलं. बहुतेक दप्तर जाळलं. 1623 पर्यंतच्या आरोपींची एक यादी तेवढी लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ती केली देल्गादु फिगैरानं. तो त्याच कोर्टाचा सरकारी वकील, पुढं न्यायाधीश. भोगणाऱ्यांची नावं आपल्याला त्याच्याच हस्ते मिळतात.