मातीतील खिळ्यांची मांडणी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या विद्यार्थी-वसतिगृहामागील कापलेल्या टेकडीस आधार देण्यासाठी दोन नकाशे मंडळापुढे आले आहेत. एकात खिळे उभ्या-आडव्या सरळ रांगांत आहेत. दुसऱ्यात एकाआड एक रांग अर्ध्या अंतराने सरकविलेली आहे. ‘यात फरक तो काय?’ असे पुष्कळांनी विचारले. त्या उताराच्या पायथ्याशी आपली मुले निजतात. तेव्हा हा प्रश्न समजून घेणे आपले कर्तव्यच होय.

हे खिळे म्हणजे उतारात किंचित खालच्या दिशेने भोके पाडून, सिमेंट भरून बसविलेल्या लांब पोलादी सळया. काम वरून खाली, टप्प्याटप्प्याने खणत करावयाचे आणि दर्शनी भागावर जाळी लावून काँक्रीट फवारावयाचे. १९७२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ रेल्वेमार्ग रुंद करताना ही पद्धत वापरली गेली आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली.

आता थोडे गणित. दोन्ही दिशांस अंतर १.५ मीटर धरल्यास दोन्ही मांडण्यांत प्रत्येक खिळ्याच्या वाट्यास २.२५ चौरस मीटर दर्शनी भाग येतो. खिळ्यांची संख्या जवळजवळ तीच राहते. परंतु चौकोनी मांडणीत चार खिळ्यांमधील मध्यबिंदू प्रत्येकापासून १.०६ मीटर दूर पडतो, तर सरकविलेल्या मांडणीत सर्वांत दूरचा बिंदूही ०.९४ मीटरवरच असतो. म्हणजे मातीचा भार अधिक सारखा वाटला जातो. भुसभुशीत मातीस ही मांडणी म्हणूनच मानवते.

मग हीच का नको? उत्तर पाण्यात आहे. काँक्रीटच्या मागे साचणारे पाणी काढण्यासाठी सुमारे ३० ते ४० सेंटिमीटर रुंदीच्या निचऱ्याच्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत अखंड सोडाव्या लागतात. चौकोनी मांडणीत दोन उभ्या रांगांमध्ये त्यांना १.५ मीटरची मोकळी वाट मिळते. सरकविलेल्या मांडणीत ती निम्मीच उरते आणि भोक पाडताना पट्टी फाटण्याचे भय राहते. कोकणातल्यासारखा पाऊस जेथे कोसळतो, तेथे तुंबलेले पाणी भिंतीचा मोठा वैरी ठरते.

तात्पर्य, माती खणताच ढासळू लागत असेल तर सरकविलेली मांडणी. माती टप्प्यापुरती उभी राहत असेल आणि पाणी फार असेल तर चौकोनी. निर्णय अभियंत्याचाच, परंतु प्रश्न विचारणे आपले काम आहे. मातीची परीक्षा झाली काय? काही खिळे ओढून त्यांची पकड तपासणार काय? पट्ट्यांतील पाणी कोठे सोडणार? खिळ्यांची टोके शेजाऱ्याच्या जमिनीखाली जात असल्यास त्याची लेखी संमती घेतली काय?

या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून कोणत्याही नकाशास संमती देऊ नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.