व्हॅनिलाची वेल आणि शेतकऱ्याचा हिशेब



आइस्क्रीम, केक व चॉकलेट यांना आणि काही अत्तरांना जो मधुर सुगंध असतो, तो मूळचा व्हॅनिलाच्या शेंगांचा होय. ऑर्किड कुळातील ही वेल मेक्सिको व मध्य अमेरिका या प्रदेशांतील आहे. तिच्या शेंगांच्या भावाची वार्ता कानी आली की, हळ्ळीखेडच्या शिवारातही ती लावावी काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर भावात नव्हे, तर वेलीच्या गरजांत शोधावे लागते.

व्हॅनिलाला उष्ण पण दमट हवा, वर्षाकाठी सुमारे 1,500 मिलिमीटर किंवा अधिक पाऊस, निम्मी सावली आणि पालापाचोळ्याने समृद्ध, निचऱ्याची जमीन मानवते. म्हणूनच मलनाड, कोडगू व किनारपट्टीच्या बागांत ती रुजली. बीदर जिल्ह्यात पाऊस सरासरीने 1,000 मिलिमीटरहून कमी पडतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीजवळ जातो व हवा कोरडी होते. अशा ठिकाणी उघड्या रानात ही वेल तग धरणे कठीण आहे.

श्रमाचाही विचार केला पाहिजे. साधारणतः तिसऱ्या वर्षी वेल फुलावर येते. फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी कोमेजते. फुलातील एका पातळ पडद्यामुळे आपोआप फलधारणा होत नाही. प्रत्येक फुलाचे परागीकरण बारीक काडीने, हाताने करावे लागते. 1841 साली रियुनियन बेटावरील एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने ही सोपी रीत शोधली व ती जगभर पसरली. शेंगा पक्व होण्यास आठ ते नऊ महिने लागतात. ताज्या शेंगेला सुगंध नसतो. गरम पाण्यात बुडवणे, उबेत घाम आणणे, उन्हात व सावलीत वाळवणे आणि पुढे काही महिने मुरवणे, या संस्कारांनंतरच तो प्रकट होतो. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांपासून जेमतेम एक किलो तयार माल मिळतो.

बाजारही बेभरवशाचा आहे. 2000 साली मादागास्करला चक्रीवादळाचा तडाखा बसला व भाव चढले. 2003 च्या सुमारास आपल्याकडे हिरव्या शेंगांना किलोमागे 3,000 रुपयांहून अधिक दर मिळाला. तो पाहून अनेकांनी लागवड केली. परंतु वेली फळास येईतो भाव कोसळले होते. शिवाय कृत्रिम व्हॅनिलिन 1874 पासून ज्ञात असून स्वस्त असल्यामुळे बहुतेक खाद्यपदार्थांत तेच वापरले जाते.

तेव्हा तूर, मूग, उडीद ही येथील भरवशाची पिके मोडून किंवा कर्ज काढून व्हॅनिला लावणे हिताचे नाही. ज्यांना हौस आहे त्यांनी विहिरीकाठच्या दाट सावलीत चार वेली लावून पाहाव्यात. शाळेच्या बागेतही त्या वाढवता येतील. विद्यार्थ्यांना परागीकरणाचा प्रत्यक्ष पाठ मिळेल. नवे पीक अवश्य आजमावावे. मात्र आपली जमीन, आपले पाणी आणि आपली बाजारपेठ यांचा हिशेब आधी मांडावा.