द्राक्षमद्य आणि घरचे ताट



जबलपूर शहराच्या गोहलपूर भागात मे महिन्याच्या दुपारी पारा सहज चाळीस अंशांच्या वर जातो. अशा ठिकाणी एखाद्या मराठी घरात द्राक्षमद्याची, म्हणजे वाईनची, बाटली आली, तर गृहिणीला पहिला प्रश्न पडतो तो ही ठेवावी कोठे, आणि दुसरा, ती ताटाशेजारी मांडावी की कपाटात लपवावी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शीतकपाट देते. दुसरा प्रश्न मात्र जुना आहे आणि तो केवळ गोहलपूरचा नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून, आणि पुढे १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी असलेल्या मध्यप्रांताच्या काळात, नर्मदेकाठी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी पुरणपोळी आणि भाकरी जशी बरोबर आणली, तसाच मद्याविषयीचा संकोचही बरोबर आणला. या संकोचाची थट्टा करण्याचे कारण नाही. ज्या घरात नवऱ्याच्या दारूपायी मंगळसूत्र गहाण पडले, त्या घराला चवीच्या गप्पा सांगणे हा उद्धटपणा ठरेल.

परंतु मद्य आणि अन्न यांचा मेळ घालण्याचा विचार परदेशातून आलेला आहे, ही समजूत खरी नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मदात्ययाचा, म्हणजे अतिमद्यपानाने जडणाऱ्या विकाराचा, एक स्वतंत्र अध्याय आहे. रोगाची चिकित्सा सांगण्यापूर्वी तेथे मद्य कोणी, कोठे, कोणाच्या संगतीत आणि कोणत्या अन्नाबरोबर घ्यावे, याचे विवरण येते. वातप्रकृतीच्या माणसाने स्निग्ध व उष्ण अन्नाबरोबर घ्यावे, पित्तप्रकृतीच्या माणसाने मधुर व शीत अन्नाबरोबर. कफ आणि पित्त अधिक असलेल्यांना द्राक्षांचे मद्य, ज्याला तेथे ‘मार्द्वीक’ म्हटले आहे, अधिक मानवते. विधीने, मात्रेने, योग्य काळी, हितकर अन्नासह आणि आपले बळ ओळखून घेतलेले मद्य अमृतासारखे. एरवी तेच विष, असा त्या वैद्याचा निर्वाळा आहे. प्रकृतीचे हे गणित आजच्या शास्त्राला मान्य होईलच असे नाही. पण पेल्याचा विचार ताटाला सोडून करू नये, ही दृष्टी येथलीच आहे.

कौटिल्य तर याहून व्यवहारी. त्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. आजच्या उत्पादनशुल्क आयुक्ताचा तो पूर्वज म्हणावयास हरकत नाही. मद्य सामान्यतः पानगृहातच प्यावे. मात्र ज्यांची सचोटी ठाऊक आहे अशांनी अल्प प्रमाणात ते बाहेर नेण्यास अडचण नाही, आणि विशिष्ट कार्यप्रसंगी कुटुंबांना घरी मद्य करण्याची मुभा असावी, असे तो सांगतो. मद्य घरी जावे की न जावे, आणि गेलेच तर कोणाच्या, यावर राज्यकर्ते दोन हजार वर्षे विचार करीत आले आहेत. २७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा उठलेले वादळ अनेकांना आठवत असेल. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, शासनाने हरकती मागविल्या, आणि तो निर्णय त्या वेळी अमलात आला नाही. एका बाजूला द्राक्ष बागाईतदाराचे हित, दुसऱ्या बाजूला किराण्याच्या पिशवीतून बाटली घरात शिरण्याचे भय. दोन्ही बाजू खऱ्या होत्या.

बागाईतदाराची बाजू समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो. पुणे जिल्ह्यात नारायणगाव येथे श्यामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाईन तयार केली. कॅलिफोर्नियाहून परतलेल्या राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सुला या नावाने जो उद्योग उभा केला, त्याची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. विंचूर आणि पलूस येथे वाईन उद्याने निघाली. नाशिकच्या शेतकऱ्याला एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरतानाची गोडी छाटणी पूर्वीपासून ठाऊक होती. ठाऊक नव्हत्या त्या शेनिन ब्लाँ, सॉव्हिन्यों ब्लाँ, शिराज या जाती. खाण्याच्या थॉमसनपेक्षा ही द्राक्षे लहान, जाड सालीची आणि बियांची. हातगाडीवर त्यांना कोणी विचारणार नाही. त्यांचे मोल पिंपातच ठरते.

आता चवीकडे वळू. मराठी माणसाला या बाबतीत एक सोय आहे, ती म्हणजे षड्रसांची. तांबड्या वाईनमधील जो गुण पाश्चात्त्य रसिक मोठ्या प्रयासाने वर्णन करतात, त्याला मराठीत ‘तुरट’ हा शब्द तयार आहे. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते तोच हा गुण. द्राक्षाच्या सालीतील आणि बियांतील कषाय द्रव्य लाळेतील प्रथिनांना धरून ठेवते, म्हणून तोंड कोरडे पडते. समोर मांस वा चीज असेल, तर ते द्रव्य त्यांतील प्रथिनांशी आणि स्निग्धतेशी गुंतते आणि तुरटपणा मवाळ होतो. मटणाच्या सौम्य रश्शाशी शिराज जुळते ती यामुळे. मात्र ‘सौम्य’ हा शब्द महत्त्वाचा. कोल्हापूरचा तांबडा रस्सा किंवा नागपूरचे सावजी मटण यांच्यापुढे कडक तांबडी वाईन ठेवणे ही शुद्ध चूक. मिरचीचा दाह मद्यार्काने वाढतो. तुरटपणाने तो आणखी बोचतो. पाहुणा पाण्याचा तांब्या मागेल, आणि दोष वाईनला देईल.

तिखटाला उतारा गोडव्याचा. किंचित गोडसर शेनिन ब्लाँ चांगली गार करून कोथिंबीर वडी, थालीपीठ किंवा भरल्या वांग्यांबरोबर दिली, तर मसाल्याची धार बोथट न होता सुसह्य होते. आंबटाला आंबटच हवे; पदार्थ आंबट आणि वाईन मऊ असेल, तर वाईन पाणचट लागते. लिंबू पिळलेल्या तळलेल्या सुरमईजवळ सॉव्हिन्यों ब्लाँ शोभते. बांगड्यासारख्या तेलकट माशाबरोबर मात्र तांबडी वाईन टाळावी. तिच्यातील लोहाच्या अंशामुळे तोंडात धातूची आणि हिमसाची चव उरते. बटाटेवड्यासारख्या तळणाला फेसाळ वाईन उत्तम, कारण तिचे बुडबुडे आणि आंबटपणा जिभेवरचे तेल धुऊन काढतात. पुरणपोळीची गोष्ट वेगळी. गोड पदार्थाहून वाईन कमी गोड असली की ती व्हिनेगरसारखी वाटू लागते, म्हणून पुरणाला उशिरा खुडलेल्या द्राक्षांची अतिगोड वाईनच हवी. आणि साजूक तूप-लिंबू घातलेला वरणभात? त्याच्या शेजारी काहीही ठेवू नये. तो स्वतःपुरता पूर्ण आहे.

तांबडी वाईन ‘खोलीच्या तपमानाला’ द्यावी, असे पुस्तकांत वाचावयास मिळते. ती खोली युरोपातील, सोळा-अठरा अंशांची. गोहलपूरच्या उन्हाळ्यात हा सल्ला शब्दशः पाळला, तर पेल्यातून केवळ मद्यार्काचा उग्र दर्प येईल. अर्धा-पाऊण तास शीतकपाटात ठेवून मग ती काढावी. पांढरी आणि फेसाळ वाईन आठ-दहा अंशांना. बुचाची बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहते. फिरकीच्या झाकणाला हा नियम नाही. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत पाच पेले भरतात. चार माणसांच्या जेवणाला एक बाटली पुरेशी, आणि उरलेली झाकण लावून थंडीत तीन-चार दिवस टिकते. ती त्याच रात्री संपविण्याचा आग्रह धरणारा पाहुणा रसिक नव्हे.

वाईनमध्ये बहुधा बारा ते चौदा टक्के मद्यार्क असतो, आणि ती द्राक्षांची म्हणून निरुपद्रवी ठरत नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण प्रकृतीला सर्वस्वी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. कायद्याचेही भान हवे. महाराष्ट्रात मुंबईच्या १९४९च्या दारूबंदी कायद्याचाच वारसा चालू आहे. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. आणि मध्यप्रदेशात १ एप्रिल २०२५ पासून नर्मदेवरील मंडला व अमरकंटक यांसह अनेक तीर्थस्थानी मद्यविक्री बंद झाली.

याच मंडल्याच्या आणि दिंडोरीच्या रानांत मात्र घर आणि मद्य यांचे नाते निराळे आहे. चैत्राच्या सुमारास मोहाची मांसल, फिकट पिवळी फुले पहाटे गळून पडतात, आणि गोंड स्त्रिया व मुले उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. फुले वाळवून मनुकांसारखी होतात; ती आंबवून व ऊर्ध्वपातन करून मद्य निघते, म्हणून ते वाईनहून पुष्कळ कडक. जन्म, लग्न आणि मृत्यू या तिन्ही प्रसंगी ते लागते. पानाच्या द्रोणात ओतल्यावर पहिले थेंब जमिनीवर पडतात, देवांसाठी आणि पूर्वजांसाठी. मग वडीलधारे, मग इतर. बाजूला भाजलेले चणे असतात. दुष्काळाच्या वर्षी हीच वाळलेली फुले मडक्यात न जाता चुलीवर शिजत, आणि त्यांवर कुटुंबे पावसाळ्यापर्यंत तग धरीत.